अकाशी पादचारी पूल दुर्घटना

अकाशी पादचारी पूल दुर्घटना ही २१ जुलै २००१ रोजी जपानमधील ह्योगो प्रांतातील अकाशी शहरात घडलेली चेंगराचेंगरी होय. असागिरी रेल्वे स्थानक आणि ओकुरा समुद्रकिनारा यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर आतषबाजीसाठी आलेल्या लोकांची कोंडी होऊन ११ जण मृत्युमुखी पडले व २४७ जण जखमी झाले. मृतांपैकी नऊ जण दहा वर्षांखालील बालके होती. उर्वरित दोघी सत्तरी ओलांडलेल्या महिला होत्या. सार्वजनिक वाहतुकीचे स्थानक आणि कार्यक्रमस्थळ यांमधल्या वाटेवरील गर्दीचे नियोजन कसे फसते, हे या घटनेवरून स्पष्ट होते. याच परिसरातील अकाशी कैक्यो हा १९९८ मध्ये खुला झालेला जगप्रसिद्ध झुलता पूल वेगळा असून त्याचा या दुर्घटनेशी संबंध नाही.

पुलाची रचना

हा पूल सुमारे १०० मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे. स्थानकातून बाहेर पडलेला प्रवासी त्यावरून राष्ट्रीय महामार्ग क्र. २ ओलांडतो आणि दक्षिण टोकाला वळून जिन्याने किनाऱ्याकडे उतरतो. हा जिना मात्र सुमारे तीनच मीटर रुंद होता. पुलावरून येणारा लोंढा येथे निम्म्या रुंदीत मावणे भाग होते. त्याच जिन्याने माणसे वरही येऊ लागली, की उतरणाऱ्यांसाठी त्याच्याही निम्मी वाट उरे. पुलाला छप्पर होते आणि दोन्ही बाजू पारदर्शक तावदानांनी बंद होत्या. त्यामुळे जुलैच्या उकाड्यात आत हवा खेळत नव्हती. दुसरीकडे, उंचावरून आतषबाजी चांगली दिसत असल्याने लोक पुलावरच थबकत होते.

घटनाक्रम

शहराच्या उन्हाळी महोत्सवातील आतषबाजी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू झाली. त्याआधीपासूनच पुलावर गर्दी साचत होती. जिन्याच्या पायथ्याजवळच खाद्यपदार्थांच्या व खेळण्यांच्या दुकानांची रांग मांडलेली असल्याने उतरलेली माणसे पुढे सरकत नव्हती. साडेआठच्या सुमारास आतषबाजी संपली आणि परतणारा जमाव गाडी पकडण्यासाठी जिना चढू लागला. स्थानकाकडून येणारे अजून पुलावरच होते. दोन्ही प्रवाह दक्षिण टोकाच्या वळणावर समोरासमोर भिडले. तेथे एका चौरस मीटरमध्ये १३ ते १५ माणसे दाटली होती, असा अंदाज नंतर करण्यात आला. गर्दीच्या शास्त्राचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांच्या मते हे प्रमाण सातच्या आसपास गेले, तरी जमाव द्रवासारखा हेलकावू लागतो आणि व्यक्तीचे स्वतःच्या हालचालीवर नियंत्रण राहत नाही. काही वेळातच माणसे एकमेकांवर कोसळली. अशा प्रसंगी मृत्यू बहुधा तुडवले जाण्याने नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. लहान मुले प्रौढांच्या कमरेच्या उंचीवर अडकल्याने त्यांना सर्वाधिक झळ पोहोचली.

कारणे

सुरुवातीला काही तरुणांच्या धक्काबुक्कीवर ठपका ठेवण्यात आला, परंतु ते स्पष्टीकरण टिकले नाही. खरा दोष नियोजनात होता. आदल्या ३१ डिसेंबरला याच किनाऱ्यावर नववर्ष स्वागताचा कार्यक्रम झाला होता आणि त्या वेळीही पूल तुंबला होता. असे असूनही महोत्सवाचा सुरक्षा आराखडा बहुतांशी त्याच कार्यक्रमाच्या आराखड्यावरून उतरवून काढण्यात आला. पोलिसांनी बेदरकार मोटारसायकलस्वारांच्या टोळ्यांना आवरण्यासाठी २९२ कर्मचारी नेमले, तर गर्दीच्या बंदोबस्तासाठी केवळ ३६. महापालिका, पोलीस आणि खासगी सुरक्षा कंपनी अशा तीन यंत्रणा उपस्थित होत्या. तथापि, पुलावर जाणाऱ्यांना स्थानकाजवळच थोपवून धरण्याचा निर्णय कोणीही वेळेवर घेतला नाही. वास्तविक, पुलाच्या उत्तर टोकाशी लोकांना काही मिनिटे रोखणे, हा सर्वांत स्वस्त आणि सोपा उपाय होता.

न्यायालयीन कार्यवाही व परिणाम

कोबे जिल्हा न्यायालयाने २००४ मध्ये महापालिका, पोलीस व सुरक्षा कंपनी या तिन्हींशी संबंधित पाच जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. अकाशी पोलीस ठाण्याच्या तत्कालीन उपप्रमुखांवर खटला भरण्यास सरकारी वकिलांनी वारंवार नकार दिला होता. नागरिकांच्या तपासणी समितीच्या निर्णयानुसार २०१० मध्ये तो भरला गेला. २००९ मध्ये अमलात आलेल्या सक्तीच्या अभियोगाच्या तरतुदीचा जपानमधील हा पहिलाच वापर होता. मात्र मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून खटला संपुष्टात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. दरम्यान, सुरक्षा सेवाविषयक नियमांत २००५ मध्ये बदल होऊन गर्दीच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र पात्रता परीक्षा सुरू झाली.

भारतातील तत्सम घटना

१० फेब्रुवारी २०१३ रोजी, कुंभमेळ्यातील मौनी अमावास्येच्या दिवशी, अलाहाबाद (आताचे प्रयागराज) स्थानकावर स्नान करून परतणाऱ्या भाविकांची चेंगराचेंगरी होऊन किमान ३६ जण मरण पावले. येथेही कार्यक्रमस्थळापेक्षा परतीच्या वाटेवरच घात झाला. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर २३ प्रवाशांचा बळी गेला. तेथे कोणताही उत्सव नव्हता. सकाळच्या गर्दीच्या वेळी अचानक पाऊस आला, लोक अरुंद जिन्यावर खोळंबले आणि मागून गाड्यांमधून उतरणाऱ्यांची भर पडत राहिली. दुर्घटनेनंतर लष्कराच्या साहाय्याने तेथे नवा पूल उभारण्यात आला व तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.