विंचवाची गोळी

विष्णुपुरीच्या होस्टेलवर पहिल्याच दिवशी एका सीनियरनं बरंच काही सांगितलं होतं. त्यातला एकच सल्ला आज आठवतो : बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज नांदेड शहराच्या बाहेर, १९८१ साली सुरू झालेलं. जवळच गोदावरीवरचं धरण. बाकी खडक, वाळलं गवत आणि उन्हाळ्यात डोळ्यांवर येणारं ऊन. विंचवांना याहून चांगली जागा कुठली?

२०१६च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री माझ्या रूममेटनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि ओरडला. खाली पडलेला विंचू तांबूस होता, करंगळीएवढाही नसेल. आम्ही जरा निर्धास्तच झालो. गावाकडं सगळे घाबरतात ते मोठ्या काळ्या विंचवाला. हा तर पिल्लू वाटत होता. तरी एकाच्या बाइकवर त्याला मधे बसवून सरकारी दवाखाना गाठला.

ड्यूटीवर आमच्यापेक्षा जेमतेम एक-दोन वर्षांनी मोठी असेल अशी डॉक्टर होती. 'काळा नव्हता मॅडम, लाल होता, छोटासा,' मी धीर देत म्हणालो. तिचा चेहरा बदलला. तिनं आधी त्याचे हात-पाय चाचपले. गार होते. कपाळावर घाम होता. बीपी घेतलं आणि एक छोटी गोळी दिली. 'झोपूनच राहायचं. उठून बसायचंसुद्धा नाही.' मग सकाळपर्यंत कुणी ना कुणी येऊन त्याचं बीपी घेत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मेसमध्ये माझ्या ताटातली भाजी खात होता.

मी घरी फोन करून हे सांगितलं. फोन स्पीकरवर होता. आज्जीनं विचारलं, 'गोळीनं उतरला? इच्चू?'

'हो आज्जी.'

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, 'मग माझ्या लेकराच्या टायमाला कुठं होती ही गोळी?'

बाबांचा धाकटा भाऊ १९७९ साली विंचू चावून गेला. सात वर्षांचा होता. दिवस मावळताना आज्जीनं त्याला बैलांसाठी कडबा आणायला धाडलं आणि पेंढीखाली हात घातल्याबरोबर त्याला चावलं. आधी मंत्र टाकणाऱ्याला बोलावलं. तोवर पोराला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे पडले. मग बैलगाडी जुंपली. तालुक्याच्या अर्ध्या वाटेत त्याच्या तोंडाला फेस आला. गाडी तिथूनच मागं फिरली.

आमच्या घरात ही गोष्ट कधी पूर्ण सांगितली जात नाही. पण आज्जी दिवस मावळल्यावर कुठल्याही लेकराला काही आणायला पाठवत नाही. साधं पाणीसुद्धा स्वतः उठून घेते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला काही वर्षं लागली. मी सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट का बिघडली हे कळलं नाही की झोप लागत नाही. शोधता शोधता पोचलो महाडला.

महाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचं, सावित्री नदीकाठचं, चवदार तळ्याचं महाड. नांदेडहून अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडला की येतं. पण या गोष्टीतला माणूस आपल्या मराठवाड्यातलाच. डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म १९५१चा, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा. हा भाग आता जालना जिल्ह्यात येतो. घरची गरिबी इतकी, की शिकता शिकता पडेल ते काम करावं लागलं. 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात त्यांनी ते सगळं लिहिलंय. नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून ते एमबीबीएस झाले आणि १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले.

तिथं त्यांच्यासमोर विंचू चावलेली माणसं येऊ लागली. आपल्याला वाटतं विंचू म्हणजे ठणका, रडारड, दोन दिवसांत बरं. बहुतेकदा तसंच असतं. पण कोकणातल्या त्या लाल विंचवाची तऱ्हा निराळी होती. चालत आलेला धडधाकट माणूस काही तासांत घामानं भिजायचा, गार पडायचा, धाप लागायची आणि तोंडातून गुलाबी फेस यायचा. लहान मुलं तर हातातून निसटायची. गुंगीची इंजेक्शनं, ॲट्रोपिन, स्टेरॉइड असं त्या काळात जे जे दिलं जायचं, त्यानं मरण थांबत नव्हतं. अंगभर विष भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावायचे.

आता इथं एक साधा, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात असा रुग्ण पोचायचा तो शेवटच्या टप्प्यात, किंवा पोचायचाच नाही. खेड्यातला डॉक्टर मात्र त्याला पहिल्या तासापासून बघत होता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, तो कधी चढला, कधी कोसळला, हे नोंदवत राहिले.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की सगळे एरर मेसेज बघत बसतात. अनुभवी माणूस मात्र त्याच्या दोन तास आधीचे लॉग उघडतो. बिरवाडीत नेमकं हेच चाललं होतं. तिथं लॉग हातानं लिहावे लागत होते आणि सिस्टीम म्हणजे कुणाचं तरी लेकरू होतं, एवढाच फरक.

त्या नोंदींतून चित्र दिसू लागलं. घाम, उलट्या, लाळ, गार पडलेले हातपाय ही किरकोळ लक्षणं नव्हती, ती हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची आधीची सूचना होती. १९८२ साली त्यांचा यावरचा लेख 'द लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. आज जगात कुणालाही लॅन्सेटमध्ये दोन पानं मिळाली तर विद्यापीठ फ्लेक्स लावतं. इथं विषय होता महाड तालुक्यातले विंचू चावलेले शेतकरी आणि त्यांची पोरं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. आपल्या मज्जातंतूंवर सोडियमची ये-जा करणारी बारीक दारं असतात. ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. लाल विंचवाचं विष त्या दारांना पाचर मारतं. दार मिटत नाही, संदेश थांबत नाहीत आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब भडकतो. आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि फुप्फुसात पाणी साठतं. तो फेस तिथून येतो.

म्हणजे करायचं काय, तर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी करून बावस्कर पुन्हा महाडलाच परतले. मोठ्या शहरात थांबायची वाट मोकळी होती, पण त्यांचे रुग्ण इकडं होते. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे सलाइनमधून द्यायचं औषध वापरलं. गुण आला, पण ते देताना रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. छोट्या गावात ते जमणार कसं? मग त्यांचं लक्ष प्राझोसिनकडं वळलं. रक्तदाबासाठी वापरली जाणारी साधी, स्वस्त गोळी. विषामुळं रक्तवाहिनीवरची जी कळ सतत दाबलेली राहते, ती ही गोळी अडवते. पहिल्या डोसनंतर उभं राहिलं तर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवं ठेवायचं. माझ्या रूममेटला उठून का बसू दिलं नाही, ते मला इतक्या वर्षांनी इथं कळलं.

१९८६ साली प्राझोसिनवरचा लेख लॅन्सेटमध्ये आला. त्यावर दोन नावं आहेत : हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. दोघं मिळून महाडमध्ये दवाखाना चालवत होते. ही गोळी वेळेत मिळू लागल्यावर मृत्यूचं ते प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

आपल्याला सवय असते, की ज्ञान वरून खाली येतं. मोठ्या संस्थेतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून गावाला. इथं ते खालून वर गेलं. विष्णुपुरीत त्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरनं जे केलं, ते एका लहान गावातल्या दवाखान्यातून सुरू झालं होतं. आणि हे एकट्या महाडचं नाही. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या ऐसगार्थ नावाच्या खेड्यात विल्यम पिकल्स नावाचा फॅमिली डॉक्टर होता. १९२९ साली त्याच्या भागात काविळीची साथ आली, अडीचशेवर लोक आजारी पडले. त्याला घरटी माणसं ओळखीची. कोण कुणाच्या लग्नाला गेलं, कोण कुणाच्या घरी चहा प्यायलं, हे माहीत. त्यावरून कावीळ एकाकडून दुसऱ्याकडं किती दिवसांनी जाते, हे त्यानं नोंदवलं. १९३९ साली त्याचं पुस्तक आलं आणि साथरोगांच्या अभ्यासात ते आजही मानलं जातं. रुग्णाला नावानं ओळखणं ही नुसती माया नसते, ती माहितीसुद्धा असते.

बावस्करांच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली २०१३ची. एका रुग्णाला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल एका निदान केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला. कट प्रॅक्टिसचा. त्यांनी थेट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली.

दुसरी त्याआधीची, २०११ची. तोवर विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, उपलब्ध झालं होतं. बावस्करांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. ज्या गोळीनं नाव मिळवून दिलं, ती एकटी पुरेशी नाही हे त्यांनी स्वतःच सिद्ध केलं. मी लिहिलेल्या कोडमध्ये कुणी चूक काढली तर मला दोन दिवस राग येतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी आता पुण्यात असतो. ताप आला की ॲपवर जो पहिला स्लॉट मिळेल तो डॉक्टर गाठतो. दर वेळी नवा चेहरा, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. उपचार नीट होतात, तक्रार नाही. पण मागच्या वर्षी मला काय झालं होतं, हे लक्षात असलेला एकही डॉक्टर माझ्या आयुष्यात नाही. माझ्या वयाच्या किती जणांच्या आहे?

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आज्जी सुपात तूर निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. बिरवाडी, नोंदी, गोळी. ती ऐकत होती.

'म्हंजी गोळी तवा व्हती का नव्हती?'

'गोळी होती आज्जी, बीपीची. पण ती इच्चवाला चालती हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते सात वर्षांनी कळलं.'

'मोठ्या दवाखान्यात बी?'

'मोठ्या दवाखान्यातसुद्धा.'

तिचे हात थांबले. 'मंत्रवाल्यापाशी वेळ घालवला. गाडी लवकर जुपली असती तर...'

याचं खात्रीचं उत्तर कुणाकडंच नाही. शंभरातले साठ-सत्तर तेव्हाही वाचायचेच. पण मला जे ठाऊक होतं ते सांगितलं : गाडी वेळेत पोचली असती, तरी त्या रात्री तिथल्या डॉक्टरच्या हातात याचं औषध नव्हतं. कडबा आणायला कुणी धाडलं, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

आज्जी काही बोलली नाही. खूप वेळानं तिनं विचारलं, 'त्यो डॉक्टर आपल्याकडलाच म्हणलास न्हवं?'

'हो. भोकरदनकडचा.'

'बरं,' ती म्हणाली आणि सूप पुन्हा हलवायला लागली. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिनं माझ्या चुलतभावाच्या पोराला हाक मारली, 'जा रं, अंगणातलं सूप आण.' मग लगेच म्हणाली, 'थांब, बॅटरी घिऊन जा.'