ऑर्दँ येथील सामायिक कारखाना

उत्तर फ्रान्समधील व्हालाँसिएनजवळ, ऑर्दँ येथे, प्यूजो-सित्रोएन व फियाट या प्रतिस्पर्धी उद्योगसमूहांनी भागीदारीत मोटारींचा कारखाना उभारला. या प्रदेशातील अखेरची कोळसाखाण १९९० मध्ये बंद झाली होती. १९९४ पासून येथून एकच मिनीव्हॅन चार निरनिराळ्या नावांनी बाहेर पडू लागली; पुढे हलक्या मालवाहू व्हॅनची तिला जोड मिळाली. साचे व यंत्रसामग्री यांचा खर्च वाटून घ्यावा, स्पर्धा मात्र बाजारपेठेत करावी, हे या व्यवस्थेचे सूत्र होय. २०१२ मध्ये फियाटने आपला हिस्सा सोडला आणि त्याच वर्षी टोयोटाशी व्हॅनपुरवठ्याचा करार झाला. पुढे २०२१ मध्ये दोन्ही जुने भागीदार स्टेलँटिस या समूहात एकत्र आले. भांडवलाला भागीदार बदलता येतो. कामगाराला आपला प्रदेश तितक्या सहजी बदलता येत नाही. म्हणूनच अशा कारखान्याचा इतिहास केवळ करारांवरून लिहिल्यास तो अपुराच ठरेल.