सात हाली, सहा कलदार : एका चुकीच्या आरोपाची दुरुस्ती

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी एका जुन्या कारभाऱ्यावर पैसे खाल्ल्याचा आळ घेतला होता. तो मागे घेण्यासाठी हे टिपण.

हैदराबादेतल्या एका मराठी घराची १३४७ फसलीची, म्हणजे १९३७-३८ सालची, रोजकीर्द मी वाचत होतो. मुलगा पुण्याला शिकायला. त्याला वर्षभरात ६०० रुपये कलदार धाडले आणि खर्ची पडले ७०० रुपये हाली.

निजामाच्या राज्यात स्वतःचं नाणं चालायचं, तो हाली सिक्का. चारमिनारचं चित्र असलेला रुपया अनेकांनी पाहिला असेल. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. १०० कलदारांचा सरकारी दर होता ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत, ६ कलदारांना ७ हाली. बाजारात बट्टा थोडाफार खाली-वर व्हायचा.

आता माझी चूक बघा. ७०० हालीचे ६०० कलदार होतात, म्हणजे घट १४.२९ टक्के. हा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलेला. उलट जाताना तेवढेच टक्के वाढवायचे, असं मी धरून चाललो. ६०० मध्ये १४.२९ टक्के मिळवले तर येतात ६८५ रुपये ११ आणे ५ पै. वहीत तर ७००! वरचे १४ रुपये ४ आणे ७ पै गेले कुठे? कारभाऱ्याने खाल्ले, असं मी भर बैठकीत सांगून मोकळा झालो.

त्या कारभाऱ्यांच्या नातसूनबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. त्या उठून एवढंच म्हणाल्या, "सर, टक्के राहू द्या. सहाला सात, तर सहाशेला किती?"

सातशे. मी गप्प झालो.

टक्के नेहमी कशाचे तरी असतात. हालीवरून कलदारकडे येताना पाया ७००, आणि त्याचे १४.२९ टक्के म्हणजे १००. कलदारवरून हालीकडे जाताना पाया ६००, आणि तेच १०० आता १६.६७ टक्के होतात. रक्कम एकच, पाया बदलला की टक्के बदलले. कारभाऱ्याने त्रैराशिक मांडलं होतं, त्यात ही भानगडच नाही.

मराठवाड्याची आणि हैदराबादची जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, कागदावर नुसतं 'रुपये' असेल तर आधी कोणते ते ठरवा. हाली सिक्का १९४८ नंतरही भारतीय रुपयासोबत चालत होता. तो कायमचा बंद झाला १९५९ साली. दुसरी, कोणाचा पगार एका कागदात १,४०० आणि पुढच्यात १,२०० दिसला, तर लगेच कपात झाली असं लिहू नका. नाणं बदललं असेल, तर १,४०० हाली म्हणजेच १,२०० कलदार.

माझ्या निबंधातला तो परिच्छेद मी काढून टाकला आहे. नातसूनबाईंना घरी जाऊन तसं सांगितलंही. त्यांनी चहा दिला आणि कारभाऱ्यांच्या आणखी दोन वह्या वाचायला काढून दिल्या. या वेळी आधी सहा-सातचं कोष्टक लिहून घेतलं, मगच वही उघडली.