हस्ताक्षरापासून छेदचित्रापर्यंत : छिन्नमनस्कतेवरील औषधाच्या मात्रेचा प्रश्न

छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया, या विकारावरील औषधोपचाराचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याचे दुसरे अंग मात्रेचे आहे, व ते काहीसे उपेक्षित राहिले आहे. १९५२ साली पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात झाँ दले व पिएर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा प्रयोग केला. तेव्हापासून कोणते औषध द्यावे याचे एक उत्तर मिळाले. किती द्यावे, हे मात्र कोणालाच निश्चयाने सांगता येईना.

दले व देनिकेर यांनी या औषधवर्गासाठी १९५५ मध्ये 'न्यूरोलेप्टिक' ही संज्ञा रूढ केली. तिच्या ग्रीक घटकांचा अर्थ 'मज्जेला पकडणारे' असा होतो. संज्ञेतच एक गृहीत दडलेले होते : रुग्णाच्या अंगात येणारा ताठरपणा हा औषधाच्या गुणाचाच भाग होय. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स-योआखिम हासे यांनी याच विचारातून मात्रेचे माप शोधले. रुग्णाकडून वेळोवेळी मजकूर लिहून घ्यावयाचा व अक्षर बारीक आणि आखडलेले होऊ लागले की औषध परिणामाच्या उंबरठ्याशी पोहोचले असे समजावयाचे. साधन कागद-लेखणीचे होते, पण निरीक्षण सूक्ष्म होते. त्याचा इशाराही असा होता, की उंबरठ्यापलीकडे मात्रा वाढवून लाभ होत नाही. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. पुढील दशकांत हॅलोपेरिडॉल दिवसाला कित्येक दशके मिलिग्रॅम दिले गेले आणि त्याची किंमत रुग्णांच्या थरथरणाऱ्या हातांनी व जखडलेल्या चालीने चुकविली.

अक्षर का आखडते, याचा उलगडा डोपामाइनच्या संशोधनाने झाला. सर्पगंधेपासून मिळणाऱ्या रेसर्पिनने निश्चेष्ट झालेले ससे एल-डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, हे आर्विद कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखविले. मनोविकारावरील औषधे डोपामाइनच्या ग्राहक-स्थानांना अडवीत असावीत, हे अनुमान १९६३ चे. परीक्षानळीतील त्याचा पडताळा १९७५-७६ चा. तथापि परीक्षानळी म्हणजे जिवंत मेंदू नव्हे.

ती उणीव पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रणाने भरून काढली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन जोडलेले रॅक्लोप्राइड रुग्णास टोचले. ते डोपामाइनच्या डी-२ स्थानांना चिकटते. जेथे औषध आधीच बसलेले असेल तेथे त्याला जागा मिळत नाही. या घटीवरून किती स्थाने व्यापली गेली हे काढता येते. या कार्बनाचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटांचे असल्याने तो तयार करणारे सायक्लोट्रॉन जवळ असणे अगत्याचे. रासायनिक दृष्ट्या भिन्न अशा ११ औषधांच्या रूढ मात्रांनी ६५ ते ८५ टक्के स्थाने व्यापली जातात, असे १९८८ मध्ये दिसून आले.

येथे गणित महत्त्वाचे ठरते. मात्रा व व्याप्ती यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही, तो वाकत जातो. जी मात्रा ७० टक्के स्थाने व्यापते तिची दुप्पट केली तर व्याप्ती १४० टक्के होणे अशक्यच. ती सुमारे ८२ टक्क्यांवर थबकते. टोरोंटो येथे शितिज कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली २२ नव्या रुग्णांना रोज १ किंवा २.५ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल देऊन प्रारंभ केला. सुमारे ६५ टक्के व्याप्तीनंतर गुण येण्याची शक्यता बरीच वाढते, ७८ टक्क्यांपलीकडे हालचालींचे विकार संभवतात, असे त्यांना आढळले. म्हणजे दुपटीने जे पदरात पडत होते ते प्रायः ताठरपणाच होते. हासे यांच्या मताला हा मोठाच आधार होय, मात्र एक दुरुस्ती करून : गुण ताठरपणाच्या अगोदरच येऊ शकतो. 'न्यूरोलेप्टिक' या नावातील गृहीतच डळमळले.

चित्राला जे दिसले नाही तेही नोंदविणे प्राप्त आहे. हॅलोपेरिडॉलने गुण न आलेल्या रुग्णांतही स्थाने तितकीच व्यापलेली असतात, हे १९८९ मध्ये उघड झाले. उलट क्लोझापिन अनेकदा अशाच रुग्णांना उपयोगी पडते. त्याची डी-२ व्याप्ती मात्र फार्डे यांच्या १९९२ च्या मापनात ३८ ते ६३ टक्केच भरली. स्थान व्यापले जाणे आणि मनुष्य बरा होणे यांतील अंतर या तंत्राने मिटविले नाही, उलट ते नेमके दाखवून दिले.

या संशोधनाचे फलित मात्राविषयक मार्गदर्शनात उतरले. प्रत्येक रुग्णाचे असे चित्र काढले जात नाही. औषध अधिक झाले काय, हे पाहण्यासाठी चिकित्सक आजही रुग्णाचे मनगट व कोपर हलवून पाहतात.