रूप, गुण आणि मास्तरांची नजर

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण शिक्षक मंडळी मुलांना हौसेनं शिकवतो. पण आपण स्वतः फसत नाही ना? या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

१९२० साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी, सैन्यातल्या वरिष्ठांनी हाताखालच्यांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या साऱ्या वेगवेगळ्या गोष्टी. पण एकीत चांगला शेरा मिळालेल्याला बहुधा बाकीच्यांतही चांगलाच! संतांच्या चित्रात डोक्यामागे तेजोवलय काढतात ना, त्याचंच नाव त्यांनी या चुकीला दिलं.

१९७३ साली क्लिफर्ड आणि वॉल्स्टर या संशोधिकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी तिथल्या पाचवीच्या शिक्षकांना एकच प्रगतिपुस्तक दाखवलं. गुण तेच, फोटो मात्र कुणाला देखण्या मुलाचा, कुणाला रूपानं डाव्या मुलाचा. देखणं मूल शिक्षकांना अधिक बुद्धिमान वाटलं, पुढं जास्त शिकेलसं वाटलं.

हसू नका! तोंडी परीक्षेत चुणचुणीत, टापटीप मुलाला मी कधी गुण वाढवून दिला नाही, असं छातीवर हात ठेवून मला सांगवत नाही.

म्हणून उत्तरपत्रिका तपासताना नाव झाका. आणि उद्या वर्गात मागच्या बाकावरचं, फाटक्या सदऱ्याचं पोर उत्तरासाठी अडखळलं, तर त्याच्यासाठीही तितकंच थांबा. गुरुजींनी आपल्याकडून काही अपेक्षाच धरली नाही, हे मुलाला न सांगता कळतं.