पॉम्पेचा आजार आणि एक हरवलेले विकर

डिसेंबर १९३० मध्ये ॲमस्टरडॅम येथे सात महिन्यांची एक मुलगी दगावली. योहानेस पॉम्पे या एकोणतीस वर्षांच्या डॉक्टरने तिचे शवविच्छेदन केले, तेव्हा तिचे हृदय अवाढव्य वाढलेले आढळले. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू जाळीसारखे पोकळ दिसत होते, आणि त्या पोकळ्यांत ग्लायकोजेन ठासून भरले होते. नुसते हृदयच नव्हे, शरीरातील इतर ऊतीही तशाच भरलेल्या होत्या. १९३२ मध्ये पॉम्पेने हे निरीक्षण डच भाषेत प्रसिद्ध केले.

ग्लायकोजेन म्हणजे शरीराची कणगी. जेवणानंतर उरलेले ग्लुकोज फांद्याफांद्यांच्या साखळ्यांत गुंफून यकृतात आणि स्नायूंत साठवले जाते व गरजेप्रमाणे काढले जाते. कणगी उघडत नसेल तर उपाशीपोटी रक्तातील साखर घसरली पाहिजे. ग्लायकोजेन साठण्याच्या दुसऱ्या एका आजारात तसे होतेही. पॉम्पेच्या आजारात मात्र रक्तातील साखर ठीक राहते. म्हणजे कणगी उघडत होती, तरीही धान्य साचत होते. हे कोडे सुटायला तीस वर्षे लागली.

पॉम्पेला त्याचे उत्तर पाहायला मिळाले नाही. जर्मन ताब्याच्या काळात तो प्रतिकार चळवळीत होता. त्याच्या प्रयोगशाळेच्या आवारात गुप्त रेडिओ प्रक्षेपक ठेवलेला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो पकडला गेला. रेल्वेचा एक पूल उडवल्याचा सूड म्हणून १५ एप्रिल रोजी इतर कैद्यांबरोबर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांत नेदरलँड्स मुक्त झाले.

उत्तर आले ते शेजारच्या बेल्जियममधून, आणि तेही काहीसे आडवाटेने. लूव्हाँ विद्यापीठात क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५५ मध्ये पेशीतील लायसोसोम या पिशव्यांचे वर्णन केले होते. पेशीतला टाकाऊ माल आम्लधर्मी वातावरणात विघटित करणाऱ्या या पिशव्या. त्यांचे सहकारी आंरी-जेरी हर्स यांनी १९६३ मध्ये दाखवले की, आम्ल वातावरणात ग्लायकोजेनचे ग्लुकोज करणारे अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, या रुग्णांत नसते. पेशीतल्या मोकळ्या ग्लायकोजेनची सोय दुसरी विकरे लावतात, म्हणून रक्तातील साखर बिघडत नाही. पण पिशवीत शिरलेल्या ग्लायकोजेनला बाहेर पडायला हा एकच दरवाजा. तो बंद असला की पिशव्या फुगत जातात आणि स्नायू निकामी होतो. माझ्या मते या शोधाचे मोल एका आजारापुरते नाही. लायसोसोममधील विकराच्या उणिवेने आजार होतो, ही कल्पनाच येथे पहिल्यांदा पक्की झाली आणि तशा अनेक आजारांचा उलगडा पुढे त्याच सूत्राने झाला.

मग नसलेले विकर बाहेरून का देऊ नये? साठच्या दशकातच अॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून काढलेले विकर रुग्ण बालकांना टोचून पाहिले गेले. फायदा झाला नाही. कारण नंतर समजले, आणि ते गमतीचे आहे. शर्करा तोडणाऱ्या या विकराच्या अंगावरच शर्करेचा एक शिक्का असावा लागतो. मॅनोज-६-फॉस्फेट हा तो शिक्का. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही तो ओळखतो आणि विकर लायसोसोमपर्यंत पोचवतो. बुरशीच्या विकरावर हा शिक्का नव्हता. पत्ता नसलेले पाकीट कोण पोचवणार?

मानवी जनुक हाती आल्यावर वाट मोकळी झाली. रॉटरडॅमच्या संशोधकांनी मानवी विकर दुधातून देणारे जनुकबदल केलेले ससे वापरले आणि १९९९ मध्ये चार बालकांवर उपचार सुरू केले. एरवी ही मुले वर्षभरात जात. उपचारानंतर हृदयाचा वाढलेला आकार कमी होऊ लागला. पुढे सशांऐवजी चिनी हॅमस्टरच्या पेशी वापरल्या गेल्या. २००६ मध्ये युरोप आणि अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. हर्स यांच्या शोधापासून त्रेचाळीस वर्षांनी.

तरीही हे औषध पुरेसे नाही. हृदयाला जितका गुण येतो तितका हातापायांच्या स्नायूंना येत नाही. ज्या बालकांचे शरीर हे विकर मुळीच बनवत नाही, त्यांच्यात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन औषध निष्प्रभ होऊ शकते. शिवाय दर पंधरवड्याला, वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम, शिरेतून, जन्मभर. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पेचा समावेश आहे, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक केंद्र आहे, आणि मदतीची मर्यादा रुग्णामागे ५० लाख रुपये आहे. मूल वाढते तशी मात्रा वाढते, आणि मर्यादा तेवढीच राहते. पालकांची खरी धास्ती हीच असते.

म्हणून आता काही संशोधक उलट बाजूने विचार करत आहेत. तोडणारे विकर देण्याऐवजी स्नायूत ग्लायकोजेन रचणाऱ्या विकरालाच, ग्लायकोजेन सिंथेजला, लगाम घालायचा. पिशवीत जाणारा मालच कमी केला की तुंबण्याचा वेग आपोआप घटतो. असे औषध लहान रेणूचे, म्हणजे गोळीच्या रूपात देता येण्याजोगे असते. प्राण्यांवरील प्रयोगांत याने साठा कमी झाला आहे आणि मानवी चाचण्याही सुरू झाल्या आहेत. पण स्नायूला कामासाठी ग्लायकोजेन लागतेच, तेव्हा लगाम किती आवळायचा याचे माप अजून ठरायचे आहे.