नवजात अर्भक व मादक द्रव्ये : परिणाममापनाचा इतिहास

गर्भवती स्त्रीने घेतलेली मॉर्फीन, हेरॉइन इ. अफूजन्य द्रव्ये वारेतून गर्भाच्या रक्तात जातात. जन्मानंतर हा पुरवठा एकाएकी थांबतो आणि अर्भकात कंप, कर्कश रडणे, जुलाब, निद्रानाश व क्वचित आचके ही लक्षणे उद्‌भवतात. त्यांची तीव्रता मोजण्यासाठी लोरेटा फिनेगन व सहकारी यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गुणांकन पद्धती मांडली. तीत प्रत्येक लक्षणाला तीव्रतेनुसार गुण देत व बेरीज सातत्याने ८ वा अधिक आल्यास औषध सुरू करीत. यामुळे उपचारांत एकसूत्रता आली. तथापि शिंका, जांभया यांसारख्या निरोगी अर्भकांतही आढळणाऱ्या लक्षणांना गुण मिळत.

कोकेनचे दूरगामी परिणाम मोजणे अधिक अवघड ठरले. आयरा चॅस्नॉफ यांनी १९८५ मध्ये कोकेन घेणाऱ्या केवळ २३ स्त्रियांच्या निरीक्षणांवरून धोक्याची सूचना दिली. वृत्तपत्रांनी तीवरून एक संपूर्ण पिढी कायमची अधू होणार, असे चित्र रंगविले. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे गर्भवतींच्या लघवीची संमतीविना तपासणी करून निष्कर्ष पोलिसांना कळविले जात. ही तपासणी घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला.

मूळ उणीव तुलनेची होती. कोकेन घेणाऱ्या अनेक स्त्रिया तंबाखू व मद्यही घेत. दारिद्र्य व कुपोषण यांचाही त्यांना उपद्रव होई. हे घटक वेगळे काढण्यासाठी हॅलम हर्ट यांनी फिलाडेल्फियात १९८९–९२ या काळात जन्मलेली २२४ अर्भके निवडली. सर्व कुटुंबे गरीब होती. सुमारे निम्म्या मातांनीच कोकेन घेतले होते. वयाच्या चौथ्या वर्षी तपासलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक कोकेनबाधित गटात ७९·०, तर दुसऱ्या गटात ८१·९ आढळला. दोन्ही गट सर्वसाधारण सरासरीच्या, म्हणजे १०० च्या, बरेच खाली होते. परस्परांतील फरक मात्र अल्प होता. गर्भावस्थेतील कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे; परंतु द्रव्यावर लादलेला दोष बव्हंशी दारिद्र्याचा होता, हे त्यातून दिसून आले.

अफूजन्य द्रव्यांबाबतही मापनाची दिशा पुढे पालटली. अर्भक पुरेसे दूध पिते का, सलग झोपते का व कुशीत घेतल्यावर शांत होते का, एवढेच पाहणारी पद्धती अमेरिकेतील २६ रुग्णालयांत अजमावण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी पाठविण्याजोगी अवस्था येण्याचा सरासरी काळ १४·९ दिवसांवरून ८·२ दिवसांवर आला आणि औषध द्याव्या लागलेल्या अर्भकांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९·५ टक्क्यांवर उतरले. या पद्धतीत आईची कूस हाच उपचाराचा पहिला भाग होय.